फॉरमॅट न मारता

आजोबांनी अंगठा काचेवर ठेवला, उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा ठेवला. काचेखाली लाल उजेड पडला होता. पडद्यावर मात्र तेच वाक्य आलं: डिव्हाइस तयार नाही. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ते स्वतःच्या हाताकडे बघायला लागले. भाताची लावणी, गवताची कापणी, लाकूडफाटा यांत झिजलेला हात. "रेघा गेल्यात पोरी माझ्या," ते म्हणाले.

"बाबा, तुमच्या रेघांपर्यंत मशीन अजून पोचलंच नाही," केंद्रावरची मुलगी म्हणाली. "माझ्या कंप्युटरात जुनं मशीन बसलंय. ते निघाल्याशिवाय नवं चालायचं नाही. तासभर लागंल. थांबता का?"

जुनं मशीन टेबलाच्या खणात पडलं होतं, वायर गुंडाळलेली. महिनाभरापूर्वीच ते कंप्युटरपासून सोडवलं होतं. तरीही ते कंप्युटरात बसलं होतं.

ठाकुरवाडी हे एकाच गावाचं नाव नाही. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत डोंगराच्या सोंडांवर आणि गडांच्या पोटाशी ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. त्यांतल्या कितीतरी वाड्यांचं नाव नुसतंच ठाकुरवाडी, खालच्या गावाचं नाव जोडलं की पत्ता पुरा होतो. मी गेले ती खालापूर तालुक्यातली. वाडी वर, केंद्र खाली डांबरी रस्त्याला. कर्जतहून चौककडे जाणाऱ्या मिनीडोरनं तिथे उतरले तेव्हा भाद्रपद सरत आला होता. बायका काकड्या आणि घोसाळी टोपल्यांत भरून बाजाराला निघाल्या होत्या. इर्शाळगडाचं नेढं ढगात होतं.

दाखले-केवायसीचं हे केंद्र म्हणजे पत्र्याखालची एक खोली. एक डेस्कटॉप, एक जुना लेझर प्रिंटर, शाईच्या टाकीचा एक रंगीत प्रिंटर, वेबकॅम, अंगठ्याचं मशीन आणि कोपऱ्यात सतत टुकटुक करणारा यूपीएस. चालवणारी मुलगी वरच्या वाडीतली. कर्जतला एमएससीआयटी केलेली, बाकीचं करता करता शिकलेली. तिचं नाव लिहू नको असं तिनं सांगितलं, म्हणून लिहीत नाही.

अंकाच्या संपादकांनी यंदाचा विषय दिला होता 'काढून टाकणं'. मी कंप्युटरमधले ड्रायव्हर काढण्यावर लिहीन असं म्हटल्यावर फोनवर थोडी शांतता पसरली. पण माझ्यापुरता हा विषय फार जवळचा आहे, आणि का ते पुढे येईलच.

यंत्र आपली ओळख कशी सांगतं

कंप्युटरला यूएसबीनं जोडलेलं कुठलंही यंत्र वायर खोचल्याबरोबर आपली ओळख दोन आकड्यांत सांगतं. एक आकडा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या कंपनीच्या त्या मालाचा. हे आकडे घेऊन विंडोज आपल्या साठ्यात शोधायला लागतं: या आकड्यांच्या यंत्राशी बोलायला कोण आहे? जो सापडतो तो ड्रायव्हर. कागद ओढ, शाई सोड, काचेवरच्या बोटाचं चित्र घे, असल्या सूचना त्या यंत्राला कळतील अशा रूपात देणं हे त्याचं काम.

ड्रायव्हर ही एकच एक फाइल असते असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो खरं तर एक जुडगा असतो. त्यात आयएनएफ नावाची एक यादी असते: कुठल्या आकड्याच्या यंत्राला कुठली फाइल लागेल, ती कुठे ठेवायची, विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, काय लिहायचं. एसवायएस या शेपटीची फाइल म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्रॅम. सीएटी फाइलमध्ये डिजिटल सही. हा जुडगा आत आला की विंडोज त्याची एक प्रत आपल्या कोठारात ठेवतं. हे कोठार सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या पोटात सिस्टिम३२, त्याच्या पोटात ड्रायव्हरस्टोअर असं खोल असतं. त्याच वेळी आयएनएफला एक नवं नाव मिळतं: ओईएम४, ओईएम२३, ओईएम५१. मूळ नाव काहीही असो, काढताना त्याला या क्रमांकानंच ओळखायचं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ब्राउझर किंवा टायपिंगचा प्रोग्रॅम अडकला तर तो एकटा बंद पडतो, कंप्युटर चालू राहतो. बरेचसे ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये बसून काम करतात. तिथे एकानं चूक केली की सगळं यंत्र थांबतं आणि निळा पडदा येतो. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका निबंधात नोंदवलं होतं की विंडोज एक्सपीच्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. त्यानंतर सह्यांची सक्ती आली, चाचण्या कडक झाल्या, परिस्थिती पुष्कळ सुधारली. पण ड्रायव्हरची गाभ्यातली जागा तीच आहे. म्हणून नको असलेला ड्रायव्हर आत राहू देणं आणि हवा असलेला चुकून काढणं, दोन्ही महागात पडतं.

काढलं, पण गेलं नाही

मुलीनं आधी नवं मशीन सोडवलं. मग वायफायचं बटण बंद केलं. "नेट चालू ठेवलं तर मी इकडून काढते आणि विंडोज तिकडून आणतं," ती म्हणाली. ते खरंच आहे. यंत्र जोडलेलं असेल तर विंडोज अपडेट त्याचा ड्रायव्हर आपणहून उतरवून घेऊ शकतं.

मग तिनं डिव्हाइस मॅनेजर उघडला. घरोघरचे कंप्युटरवाले इथपर्यंत येतात. यादीतल्या यंत्रावर उजवं बटण दाबतात, अनइन्स्टॉल म्हणतात, ओळ नाहीशी होते. समाधान वाटतं. पुन्हा वायर खोचली की तीच ओळ, तोच ड्रायव्हर, तीच अडचण. कारण नाहीशी झाली ती फक्त यंत्राची नोंद, जुडगा कोठारात जसाच्या तसा राहिला. अनइन्स्टॉल करताना खाली एक छोटा चौकोन येतो, या यंत्राचा ड्रायव्हरही काढायचा का असं विचारणारा. त्यात खूण केली नाही तर काम अर्धंच होतं. माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनीही हा चौकोन कधी वाचलेला नाही.

पण तिच्या जुन्या मशीनची ओळ यादीत दिसतच नव्हती. यंत्र खणात, मग यादीत कुठून दिसणार? तिनं वरच्या व्ह्यू या मेनूत जाऊन लपलेली यंत्रं दाखव असं सांगितलं, आणि यादी एकदम लांब झाली. फिकट रंगाच्या ओळींमागून ओळी. कधीकाळी खोचलेला प्रत्येक पेनड्राइव्ह, कुणाकुणाचे फोन, मागच्या वर्षी जळालेला वेबकॅम, दोन उंदीर, एक कीबोर्ड. या खोलीत आजवर जे जे जोडलं गेलं त्याचं दप्तरच ते. त्यात अंगठ्याचं जुनं मशीन एकदा नाही, तीनदा होतं.

"तीन कशी?" मी विचारलं.

"वायर तीन वेगळ्या भोकांत घातली होती ना, ताई."

याचं कारण सांगण्यासारखं आहे. काही यंत्रं कंपनी आणि माल यांबरोबर स्वतःचा वेगळा अनुक्रमांकही सांगतात. अशी यंत्रं कुठल्याही भोकात घाला, विंडोज त्यांना ओळखतं. पण ज्यांना अनुक्रमांक नसतो त्यांची ओळख विंडोज भोकावरून ठेवतं. भोक बदललं की त्याच्या लेखी पाहुणा नवा.

तिनं तिन्ही फिकट ओळी काढल्या, प्रत्येक वेळी चौकोनात खूण करून. मग कोठारात काही उरलंय का ते बघायला काळ्या पडद्याची कमांडची खिडकी उघडली, ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं, आणि एक वही काढली. शंभर पानी, रेघांची, वर शाळकरी मुलांच्या वहीला लावतात तसलं लेबल. त्यात मराठीत पायऱ्या लिहिल्या होत्या. पीएनपीयुटिल हा विंडोजबरोबरच येणारा छोटा प्रोग्रॅम कोठारातल्या सगळ्या परक्या जुडग्यांची यादी देतो: ओईएम क्रमांक, मूळ नाव, कंपनी, यंत्राचा वर्ग, आवृत्ती. यादी मोठी होती. ती बोट ठेवून एकेक वाचत गेली आणि ओईएम२३ला थांबली. कंपनी जुळते का, वर्ग जुळतो का, आवृत्तीची तारीख जुन्या मशीनच्या काळातली आहे का, असं तिन्ही पाहिलं. मग पेन्सिलीनं वहीत नोंद केली आणि त्याच प्रोग्रॅमला ओईएम२३ काढायला सांगितलं.

या आज्ञेला 'फोर्स' असा शब्द जोडता येतो. वापरात असलेला जुडगाही त्यानं बळजबरीनं निघतो. तो तिनं जोडला नाही. "साधं सांगून निघत नसेल तर त्याला अजून कुणीतरी धरून ठेवलंय. आधी ते शोधायचं."

बाकावर बसलेले आजोबा हे सगळं बघत होते. पडद्यावरची अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण काय चाललंय ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. "बेणणीच हाय की ही," ते म्हणाले. "वरून खुडलं तर आठ दिसांत परत वर येतं."

मग तिनं कंप्युटर रिस्टार्ट केला. शटडाउन करून पुन्हा चालू केला नाही, मुद्दाम रिस्टार्ट केला. विंडोज ८पासून शटडाउनचा अर्थ बदललाय. कंप्युटर लवकर सुरू व्हावा म्हणून बंद होताना विंडोज आपला गाभा, त्यात बसलेल्या ड्रायव्हरांसकट, डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवतं आणि चालू करताना तोच पुन्हा उचलतं. म्हणजे 'बंद करून चालू करून बघा' या सल्ल्यानं ड्रायव्हर ताजे होत नाहीत. रिस्टार्टनं होतात.

अकरा हजार शंभर

अंगठ्याच्या मशीनचं काम एवढ्यावर भागत नाही. आधारच्या पडताळणीसाठी वापरायची मशीनं नोंदणीकृत असावी लागतात. मशीन आणि पोर्टल यांच्यामध्ये आरडी सर्व्हिस नावाची आणखी एक सेवा असते. ती बोटाचा ठसा कुलूपबंद करून, सही लावून पुढे पाठवते, म्हणजे मधल्या मध्ये कुणी ठशाची नक्कल साठवून पुन्हा वापरू नये. पहिल्या पिढीच्या मशीनांत, ज्यांना एल-झिरो म्हणतात, हे सहीचं काम कंप्युटरवरच्या सॉफ्टवेअरात होई. नव्या एल-वन मशीनांत ते मशीनच्याच पोटातल्या सुरक्षित कप्प्यात होतं. सुरक्षेच्या दृष्टीनं बदल योग्यच आहे. पण या बदलानं गावोगावच्या केंद्रांवर एकाच वेळी एक काम आणून टाकलं: जुनं मशीन काढा, नवं बसवा. बसवायचं कसं ते डब्यातल्या कागदावर असतं. जुनं काढायचं कसं ते सहसा नसतं.

ही आरडी सर्व्हिस कंप्युटरच्या आतच एका क्रमांकाच्या दारावर कान लावून बसते. त्यासाठी ११,१०० ते ११,१२० एवढी दारं राखलेली आहेत. पोर्टल बोट मागतं तेव्हा ब्राउझर पहिल्या दारापासून टकटक करत जातो. जुनी सेवा ११,१०० वर बसलेली आणि नवी ११,१०१ वर असेल, तर बरीचशी पोर्टलं पहिलं उत्तर देणाऱ्यालाच धरून बसतात. आणि ते उत्तर खरंच असतं: मशीन तयार नाही. तयार कसं असेल? ते खणात पडलेलं. आजोबांना बराच वेळ दिसत होतं ते वाक्य त्यांच्या बोटाबद्दल नव्हतंच.

तिनं इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमांच्या यादीतून जुनी सेवा काढली, मग सर्व्हिसेसच्या यादीत तिचं नाव उरलंय का तेही पाहिलं. तेवढ्यात वीज गेली. यूपीएसनं कंप्युटर तोलून धरला. तिनं कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलले आणि वीज येईपर्यंत काहीही दाबलं नाही. ड्रायव्हर काढताना यंत्र मध्येच मेलं तर तो ना आत ना बाहेर असा अडकतो. अंधारात बसून मला आठवलं, इथून जवळच खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र आहे, १९१५ सालापासून मुंबईला वीज देणारं.

"मारून टाकू का?"

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या घरच्या कंप्युटरला आवाज येईनासा झाला. मी तो एका दुकानात नेला. मुलानं पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "फॉरमॅट मारून टाकू का?" मी हो म्हणाले. त्यानं डेटा ठेवतो असं सांगितलं होतं, ठेवलाही, पण एक फोल्डर सुटलं. त्यात माझ्या आईनं सांगितलेल्या ओव्या होत्या, तिच्या आवाजात, दोन उन्हाळ्यांत मिळून ध्वनिमुद्रित केलेल्या. आई तेव्हा नव्हती. पुढे एका जाणकारानं सांगितलं की आवाजाचा ड्रायव्हर एका अपडेटमध्ये बदलला असणार, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक' हे बटण दाबलं असतं तरी आधीचा परत आला असता.

म्हणून 'मारणे' हे क्रियापद मला सहन होत नाही. फॉरमॅट मारणं दुकानदाराला सोपं असतं. चाळीस मिनिटांचं ठरलेलं काम, निदान करायला नको. नेमका कुठला ड्रायव्हर काढायचा हे शोधायला डोकं आणि वेळ लागतो, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. त्यामुळे दहापैकी किती कंप्युटर उगाच फॉरमॅट होतात हे मोजणारं कुणी नाही. पण वाडीच्या पायथ्याच्या केंद्रावर त्याची किंमत काय, हे तिच्या कंप्युटरातल्या फोल्डरांची नावं वाचताना कळलं.

तिच्या डी ड्राइव्हवर घरागणिक फोल्डर होते. प्रत्येकात आधार, रेशन कार्ड, सातबारा किंवा वनहक्काचा कागद, आणि जातीच्या दाखल्यासाठी जमवलेले पुरावे. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर अशी एकत्र नोंद आहे. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. कर्जत आणि खालापूर दोन्ही तालुक्यांचं प्रांत कार्यालय कर्जतला. तिथे आणि पुढे जातपडताळणीत कुटुंबाचं मूळ दाखवायला ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा कागद मोलाचा. आजोबा, पणजोबांचा कागद. ज्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली पिढी अजून हयात आहे, त्या घरानं तो आणायचा कुठून? मग शाळेच्या जुन्या दाखलखारिज रजिस्टरातला उतारा, जन्ममृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४, असं हुडकत फिरायचं. एखादी नोंद मोडी लिपीत निघाली तर ती वाचणारा शोधायचा. एवढं करून मिळालेला कागद स्कॅन होतो आणि फोल्डरात जातो. कागद घरी कारवीच्या कुडाला टांगलेल्या पिशवीत. पावसाळ्यात चार महिने ओल.

इथून दिसणाऱ्या इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. गेलेल्या माणसांपुढे कागदाची काय कथा. पण जे वाचतात त्यांना दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक टेबलावर कागद विचारला जातो, आणि तो ढिगाऱ्याखाली असतो.

"म्हणून मी फॉरमॅटला कुणाला हात लावू देत नाही," ती म्हणाली. दर शनिवारी ती डी ड्राइव्हची नक्कल बाहेरच्या हार्डडिस्कवर घेते आणि ती डिस्क घरी नेते, केंद्रात ठेवत नाही. आणि कुठलाही ड्रायव्हर काढण्याआधी सगळ्या परक्या ड्रायव्हरांची प्रत वेगळ्या फोल्डरात उतरवून ठेवते. तोच पीएनपीयुटिल हेही काम करतो, एका ओळीच्या आज्ञेत. शिवाय रिस्टोअर पॉइंट. माझ्यासमोर तिनं जे काढलं, त्याच्या आधी हे सगळं झालेलं होतं. मी पोचायला उशीर केला म्हणून मला दिसलं नव्हतं.

कॉपी वन

दुपारी कर्जतहून हार्डवेअरवाला दादा आला, जुन्या लेझर प्रिंटरसाठी. दोन्ही तालुक्यांतल्या शाळा, ग्रामपंचायती, केंद्रं मिळून त्याच्याकडे बरीच गिऱ्हाइकं. पावसाळ्यात वीज कडाडली की त्याचा फोन वाजायला लागतो.

आपल्याकडच्या छोट्या कार्यालयांत जे स्वस्त लेझर प्रिंटर वीस-वीस वर्षं टिकलेत त्यांचं एक वैशिष्ट्य आहे. त्यांच्या पोटात अक्कल कमी असते. पानाचं चित्र तयार करायचं जड काम ते कंप्युटरवर, म्हणजे ड्रायव्हरवर सोपवतात. काहींना तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर स्वतःचं फर्मवेअरही कंप्युटरकडून घ्यावं लागतं. म्हणून ते स्वस्त पडले, आणि म्हणूनच ड्रायव्हर बिघडला की ते निव्वळ खोकं होतात. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, कंप्युटर ११वर गेले, आणि या प्रिंटरांचे ड्रायव्हर काढणं-घालणं हे दादाचं मोठं काम होऊन बसलं. बदलही वरूनच येतोय: प्रिंटर कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं थांबवू, असं मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३मध्येच जाहीर केलं होतं.

प्रिंटरांच्या यादीत तोच प्रिंटर चारदा होता: एक मूळ, मग 'कॉपी वन', 'कॉपी टू', 'कॉपी थ्री'. भोकं बदलल्याची कथा इथेही तीच. पोर्टल छापायला पाठवतं ते मूळ नावाला, वायर आहे 'कॉपी टू'च्या भोकात, कागद येत नाही, लोक बटण दाबतच राहतात आणि रांगेत वीस दाखले साचतात.

दादानं चारही ओळी काढल्या. "आता हे गेले असं वाटतं ना? ड्रायव्हर अजून आहे," तो मला म्हणाला. प्रिंटरची ओळ म्हणजे फक्त छपाईची रांग. ड्रायव्हर प्रिंट सर्व्हरच्या खिडकीत असतो, तिथे ड्रायव्हर्स नावाच्या पानावर. तिथून काढायला गेलं तर विंडोज म्हणालं, वापरात आहे. वापरात कोण ठेवणार, प्रिंटर तर काढलेत? प्रिंट स्पूलर. छपाईची कामं सांभाळणारी ही सेवा ड्रायव्हर एकदा हातात घेतला की सोडत नाही. दादानं ती थांबवली, तिच्या फोल्डरात अडकून पडलेली जुनी कामं पुसली, सेवा पुन्हा चालू केली आणि कुणी नवं काम पाठवायच्या आत ड्रायव्हर काढला. 'फक्त ड्रायव्हर' आणि 'ड्रायव्हर व जुडगा' असे दोन पर्याय आले, त्यानं दुसरा निवडला. मग ठरलेल्या एकाच भोकात वायर घातली आणि खिशातल्या स्केचपेननं कंप्युटरच्या पाठीवर लिहिलं: प्रिंटर. शेजारच्या भोकावर: अंगठा.

तीन अक्षरं

काढणं पूर्वी किती उघड होतं ते आठवतं. डॉसच्या काळात, १९८३च्या डॉस २.०पासून, ड्रायव्हर म्हणजे कॉन्फिग डॉट सिस या साध्या मजकुराच्या फाइलमधली एक ओळ. पुढच्या आवृत्त्यांत, नको असेल तर त्या ओळीआधी आरईएम ही तीन अक्षरं टंकायची. ओळ तिथेच राही, पण यंत्र ती वाचून सोडून देई. हवी झाली की अक्षरं पुसायची. मराठी अक्षर पडद्यावर उमटवण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड कंप्युटरच्या खाचेत बसवत, तेव्हाची ही गोष्ट. पुढे दिवाळी अंक डीटीपीवर जुळायला लागले आणि मराठी अक्षरांच्या पॅकेजबरोबर डोंगल आलं. बोटाएवढी ती कुपी कंप्युटरच्या पाठीला लावलेली नसेल तर अक्षरं उघडायची नाहीत, आणि तिचा ड्रायव्हर रुसला की ऐन आश्विनात अंक अडे.

विंडोज ९५नं डिव्हाइस मॅनेजर आणला, यंत्रं आपली आपण ओळखली जायला लागली. सोय झाली ती खरीच. पण ती एक ओळ कोठारात, रजिस्ट्रीत, सेवांमध्ये वाटली गेली, आणि काढायचं म्हणजे इतक्या जागी जाणं आलं.

जे काढायचं नाही

वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईत एक यादी होती. दादानंच ती एकदा लिहून दिलेली. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर: बदली ड्रायव्हर पेनड्राइव्हवर हातात असल्याशिवाय काढायचा नाही, कारण तो गेला की नवा उतरवायला नेटच उरत नाही. परतीचे दोर कापल्यासारखं. डिस्क ज्याच्यावर चालते तो स्टोरेज कंट्रोलर आणि चिपसेट: हात लावायचा नाही. यूएसबीचा मूळ हब: काढलात तर कीबोर्ड आणि उंदीर दोन्ही एकदम मरतात आणि 'परत आण' म्हणायलाही बोट उरत नाही. हे एकदा झाल्यापासून दादा आपल्या पिशवीत गोल पिनेचा जुना कीबोर्ड ठेवतो. ती पीएस-टू खाच यूएसबीवर अवलंबून नसते. स्क्रीनच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर चिवट असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन काढायचा. तिथे विंडोज फक्त गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन उभं राहतं, त्यामुळे नको असलेल्याला कुणी धरून ठेवलेलं नसतं.

सेफ मोड म्हटल्यावर दादानं २०२४च्या जुलैची आठवण काढली. १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले विंडोज कंप्युटर निळ्या पडद्यावर आणले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख. कर्नेलमध्ये बसलेल्या त्यांच्या ड्रायव्हरनं एक चुकीची फाइल वाचली आणि तो कोसळला, यंत्र सुरू झालं की पुन्हा वाचली, पुन्हा कोसळला. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते तेव्हाच. बहुतेक ठिकाणी उपाय माणसानं यंत्राजवळ जाऊन करायचा होता: सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हरांच्या फोल्डरात ती एक फाइल शोध, पुसून टाक. जगभर लाखो यंत्रं अशी एक फाइल काढून उठवली गेली. "फॉरमॅट नाही मारले कुणी," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि मला तो योग्य वाटला.

तासाचे दोन तास झाले होते. आजोबा बाकावरून हलले नव्हते. त्यांना पीएम-किसानची केवायसी करायची होती, वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत मिळतात त्याची. मुलीनं नव्या मशीनचा ड्रायव्हर आधी घातला, सेवा घातली, मग 'अंगठा' लिहिलेल्या भोकात वायर खोचली. पडद्यावरची चौकट हिरवी झाली: तयार.

आजोबांनी अंगठा ठेवला. मशीननं ठसा घेतला आणि जुळत नाही म्हणून परत केला.

"आता मात्र रेघांचंच काम आहे, बाबा," ती म्हणाली. तिनं त्यांना कोपऱ्यातल्या बादलीत हात धुवायला लावले, फडक्यानं कोरडे केले, थोडं खोबरेल चोळून पुसून घेतलं. तर्जनी नाही. मधलं नाही. डाव्या हाताची करंगळीशेजारची, जिला काम सगळ्यांत कमी, ती ठेवली. पडदा क्षणभर फिरला आणि जुळली.

जुन्या प्रिंटरनं पावती ओढली. आजोबांनी ती घडी घालून टोपीत ठेवली. मुलीनं वही पुढे ओढली आणि आजच्या तारखेखाली लिहिलं: ओईएम२३, जुनं अंगठा मशीन, काढलं. प्रत ठेवली आहे. बाबांचं डावं चौथं बोट.

"पुढचं कोण?" तिनं विचारलं.